हरमलला जायचंच असेल तर

फोंडा, गोवा

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. पुण्याच्या डॉक्टरांकडे जायचं थांबवून हरमलला दोनशे तासांचा योगाचा कोर्स करायचा म्हणतोस. मोरजीपासून हरमलपर्यंत किनाऱ्याला लागून असे कोर्स ढिगानं आहेत, त्यांतले काही शिक्षक चांगलेही आहेत. पण तिथे योग शिकवायचा कसा ते शिकवतात, कुणावर उपचार करत नाहीत. म्हणून आधी एकच सांगतो: गोळ्या बंद करू नकोस.

लैंगिक ओढ आवरता न येण्याच्या आजाराचं निदान कळवताना तू स्वतःला घाणेरडा म्हणालास. ते मनातून काढ. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत, हे आवेग आवरता न येण्याच्या आजारांत घातलंय. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ ओढ आवरत नाही, कामाची-झोपेची-नात्यांची हेळसांड होते, सुख मिळेनासं झालं तरी सुटत नाही, तेव्हा त्याला आजार म्हणायचं. नुसतं 'मी पाप केलं' असं वाटून होणारा त्रास त्यात धरत नाहीत. इच्छा होणं हा आजार नव्हे, हस्तमैथुनही नव्हे. तुझ्या आजोबांच्या पिढीतली वीर्यनाशाची भीती तू कुठून उचललीस कोण जाणे.

आता सरावाचं. योगानं ओढ उठायची थांबत नाही. ती उठली की लगेच फोनकडे हात जातो, त्यात थोडी फट पडते, आणि सरावानं ती रुंदावते. तुझं सगळं घसरतं ते रात्री, दमलेला आणि एकटा असताना, म्हणून सराव रात्री साडेनऊला ठेव. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव, गजरासाठी साधं घड्याळ घे. मार्जारासन आठ-दहा वेळा, श्वासाच्या लयीत. शशांकासन दोन मिनिटं, कपाळ टेकत नसेल तर खाली उशी. भिंतीला पाय लावून विपरीत करणी पाच मिनिटं. मग ताठ बसून चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, दहा मिनिटं. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते, अंगातली धावपळ ओसरते. श्वास मध्ये रोखू नकोस. देवळाच्या तळीत बुडी मारून श्वास कोण जास्त धरतो याची पैज तू लावायचास, ओठ निळे पडले तरी वर यायचा नाहीस, आणि माई काठावरून शिव्या घालायची. प्राणायामात तसली जिद्द घातलीस तर छाती धडधडेल, घाबरल्यासारखं होईल. शेवटी वीस मिनिटं योगनिद्रा. झोप लागली तरी चालेल.

भस्त्रिका आणि कपालभाती रात्री नको, त्यांनी अंग तापतं आणि झोप उडते. मूलबंध, अश्विनी मुद्रा यांनी ब्रह्मचर्य टिकतं असं तुला कुणीतरी सांगेलच. ओटीपोटाखालचे स्नायू सारखे आवळले की लक्ष नेमकं तिथेच जातं आणि ताण वाढतो. तुझ्यासाठी ते वर्ज्य. चाळीस दिवसांची, नव्वद दिवसांची शपथही घेऊ नकोस. ती मोडते, मग लाज वाटते, आणि ती लाज बुडवायला माणूस पुन्हा तेच करतो.

प्रत्यक्ष ओढ आली तर तिच्याशी झटू नकोस. पाय जमिनीला टेकव, लांब श्वास सोड, ती अंगात कुठे जाणवते ते बघ: छातीत, जबड्यात, पोटात. ती चढते आणि बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत उतरते. तेवढा वेळ खोलीबाहेर जा, भांडी घास, सतीशला फोन कर. कधी जमणार नाही. त्या रात्रीही सराव करूनच झोप.

हे सगळं गोळ्यांच्या आणि समुपदेशनाच्या जोडीनं, त्यांच्या जागी नाही. नुसत्या योगानं हा आजार बरा होतो असा भक्कम पुरावा नाही. योग शिकवणाराच हे सांगतोय म्हटल्यावर ऐक. सर्ट्रालिन, म्हणजे तुझी ती गोळी, अचानक सोडली की चक्कर येते, चिडचिड होते, झोप जाते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. हरमलला कुणी त्याला शरीरशुद्धी म्हणेल आणि तुला ते पटेल, याची मला भीती आहे. कमी करायचीच असेल तर डॉक्टर हळूहळू करतील. झोप न घेताही अंगात उत्साह मावेना, पैसा उडायला लागला, तर तेही त्यांना लगेच सांग, कारण मग आजार वेगळा असू शकतो आणि औषधही बदलावं लागतं.

बघ, पुन्हा प्रवचन झालं. रागावू नकोस. तू आपणहून डॉक्टरकडे गेलास आणि मला सांगितलंस, आपल्या घरात एवढं धाडस कुणी केलं नसतं. तात्यांनी तर नाहीच.

हरमलला जायचंच असेल तर तिथल्या शिक्षकाला गोळ्या चालू आहेत एवढं सांग, कारण सांगायची गरज नाही. 'गोळ्या सोड' म्हणाला तर उठून घरी ये. इथे दाखवायचं झालं तर बांबोळीचं मनोरुग्णालय आहे, मी सोबत येईन, बाहेर बाकावर बसेन. रात्री-अपरात्री माझ्याशी बोलवत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट.

आईला मी फक्त झोपेचा त्रास आहे एवढंच सांगितलंय. बाकीचं सांगायचं की नाही ते तू ठरव.

तुझा,
बाबा

ता. क. किती गोळ्या उरल्यात ते मोजून कळव. नको, कळवू नकोस. संपायच्या आधी नवीन आण म्हणजे झालं.