बाबांना पत्र: एक चाल, बारा रूपं

व्हिएन्ना

ती. बाबांना सा. नमस्कार,

चिमी दिवसभर कीबोर्डवर ‘ट्विंकल ट्विंकल’ बडवते आणि तुम्ही वैतागता, असं आई फोनवर म्हणाली. वाजवू द्या तिला. ती चाल मूळची फ्रेंच. मोझार्टने तिच्यावर १२ व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच चालीची बदलती रूपं, लिहिली आणि ती इथे व्हिएन्नात १७८५ साली छापली गेली. आधी उजव्या हाताची पळापळ, मग तीच डाव्या हाताकडे. आठव्यात गंधार कोमल होतो आणि पोरकट चाल एकदम शहाणी वाटायला लागते. अकरावं अगदी संथ, बारावं दोनाचं वजन सोडून तीनात. पण कुठे वळायचं, कुठे टेकायचं, हे मात्र ठरलेलं. तुमच्या भाषेत, आवर्तन मोडत नाही.

‘सगळं कागदावरचं’ म्हणून तुम्ही नाक मुरडाल. पण १७८३ च्या एका मैफलीत समोर संगीतकार ग्लुक बसलेला, तर मोझार्टने त्याच्याच ऑपेरातली चाल घेऊन आयत्या वेळी व्हेरिएशन्स वाजवली. लिहून काढली ती नंतर.

तरी मला जास्त धरून ठेवतो तो त्याच काळातला संगीतकार हायडन. १७९३ मधली त्याची एफ मायनरची व्हेरिएशन्स. यात चाली दोन: एक मायनर (तोच कोमल गंधार), अडखळत चालणारी, दुसरी मेजर (शुद्ध गंधाराची), मोकळी, नटवी. दोघींची आलटून पालटून दोन-दोन व्हेरिएशन्स होतात, मग पहिली चाल परत येते. आता संपणार म्हणून आपण सैल बसतो, आणि तिथेच तो चौकट मोडतो. भलत्याच सुरांत शिरतो, जोर चढत जातो, इतका वेळ धरलेला संयम सुटतो. आणि एका प्रतीवर या रचनेचं नाव काय, तर ‘छोटीशी करमणूक’!

त्याच वर्षी जानेवारीत त्याची जिवलग मैत्रीण मारियाने फॉन गेन्झिंगर वारली होती. काही अभ्यासक दोन्हींचा संबंध जोडतात. पुरावा नाही, पण मोह मलाही होतो.

रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर पाठवलंय. पेटी बाजूला ठेवून, सलग ऐका. आणि एवढंच कळवा: ती मेजरमधली चाल तुम्हाला खरोखर आनंदी वाटते, की उसनी? माझं रोज वेगळं मत होतं.

आईला नमस्कार, चिमीला गोड पापा.

तुमची,
माई