निबंध 'पडद्यावर' प्रसिद्ध झाला म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत सिनेमातल्या बायकांवर लेख होता, त्यात 'पुरुषी नजर' हा शब्द तीनदा आला पण तो काढला कोणी ते कुठंच नाही, म्हणून नातीनं नेटवरच्या एका ज्ञानकोशात शोधलं. लॉरा मल्व्ही, सिनेमावर लिहिणारी ब्रिटिश बाई. तिच्यावर मराठीत पान आहे बघून आम्ही दोघी खूष, आणि पान म्हणजे काय तर साडेचार ओळी. जन्म १९४१, ऑक्सफर्ड. नवरा पीटर वोलेन. आणि 'त्यांचा निबंध १९७५ साली पडद्यावर प्रसिद्ध झाला'. अहो 'स्क्रीन' हे त्या नियतकालिकाचं नाव! मशीनकडून भाषांतर करून घेतलं आणि नंतर कोणी वाचलंच नाही. सेवउसळीवर याच्यापेक्षा जास्त मजकूर सापडतो.

नवऱ्याचं नाव आहे पण त्याच्याबरोबर तिनं १९७७ मध्ये 'रिडल्स ऑफ द स्फिंक्स' ही फिल्म केली ते नाही, आणि मुख्य म्हणजे बाई म्हणते काय तेच नाही. ती म्हणते की हॉलिवूडच्या नेहमीच्या सिनेमात कॅमेरा पुरुषाच्या डोळ्यांनी बघतो, गोष्ट पुढे नेतो तो हीरो आणि हिरॉइन फक्त बघायला ठेवलेली, हिचकॉकच्या फिल्म घेऊन आणि फ्रॉइडचा आधार घेऊन तिनं हे मांडलंय. आपल्याकडे तर १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीच अण्णा साळुंके होते, म्हणजे बघायला ठेवलेली बाईसुद्धा पुरुषच. फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, म्हणून आठवलं.

तर मग आम्हीच बसलो सुधारायला. नातीनं पहिल्यांदा 'थोर विचारवंत' लिहिलं, दुसऱ्या दिवशी उडालं, आणि बरोबरच उडालं, कारण ज्ञानकोशात आरती ओवाळायची नसते, लिहिलेल्याला भरवशाचा संदर्भ लागतो आणि तोही शक्यतो दुसऱ्या कोणीतरी तिच्याबद्दल लिहिलेला. पुस्तकातला पॅरेग्राफ जसाच्या तसा उतरवला तर तोही जातो. मी म्हटलं, टीकासुद्धा घाल. बाई प्रेक्षक असेल तर तिच्या नजरेचं काय, असं लोकांनी विचारलं तेव्हा १९८१ मध्ये मल्व्हीनं स्वतःच त्यावर परत लिहिलं. आणि बेल हुक्स या काळ्या अमेरिकन लेखिकेनं १९९२ मध्ये काळ्या बायकांच्या नजरेचा मुद्दा काढला. नातीला वाटलं यानं मल्व्ही छोटी दिसेल. मला उलट वाटतं, ज्या निबंधाशी लोक इतकी वर्षं भांडतायत त्यात काहीतरी असणारच ना.

आता पान दीडेक स्क्रीन झालंय (हा स्क्रीन म्हणजे मोबाइलचा). पण मराठीत सिनेमावर लिहिणाऱ्या बायकांची पानं करायला घेतली तर संदर्भ कुठून आणायचे? ते तुमच्या जुन्या अंकांत आहेत आणि अंक तुमच्या कपाटात. तेवढी सिनेमाची परीक्षणं तरी, तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव दिसेल अशी, स्कॅन करून नेटवर टाकता येतील का? धूळ झाडायला आम्ही दोघी येऊ, दुपारी चारनंतर कधीही.

आपली,
एक जुनी वाचक
दांडिया बाजार, बडोदा