विषय: वंशावळीच्या सॉफ्टवेअरमधील गंभीर दोष, नोंदी परत मिळणे आणि वर्गणीचा परतावा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेले चौदा महिने मी आपल्या कंपनीचं वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरते आहे. वर्षाची 4,200 रुपये वर्गणी दोनदा भरली आणि आमच्या घराण्यातल्या 412 माणसांच्या नोंदी एकेक करून त्यात भरल्या. आपल्या मदत केंद्राशी सहा वेळा बोलून झालं. दर वेळी "तारीख योग्य पद्धतीने भरा" एवढंच उत्तर मिळालं, म्हणून हे लेखी पत्र.

हे सॉफ्टवेअर मी घाईने घेतलेलं नाही. माझ्या भाच्याने 'ग्रॅम्प्स' हा मोफत प्रोग्रॅम संगणकावर घालून दिला होता, तोही मी महिनाभर वापरून पाहिला. तरी आपल्याकडे आले, कारण आपल्या जाहिरातीत "संपूर्ण मराठी" असं ठळक छापलं होतं. पैसे भरण्याआधी मी आपल्या विक्री प्रतिनिधीला ईमेलवर तीनच प्रश्न विचारले: देवनागरीतली नावं नीट राहतील का, शके आणि तिथी नोंदवता येतील का, आणि उद्या सोडायचं ठरवलं तर सगळी माहिती बाहेर काढता येईल का. तिन्हींना "होय" असं उत्तर आलं. तो ईमेल सोबत जोडला आहे. तिन्ही उत्तरं खोटी ठरली.

आमच्याकडे पणजोबांची हिशेबाची चोपडी आहे. तिच्या शेवटच्या चार पानांवर जन्म-मृत्यूच्या नोंदी मोडीत आहेत. ती पानं मी जाणकाराकडून वाचून घेतली. त्यात पणजीची नोंद अशी आहे: "शके 1818 दुर्मुखनाम संवत्सरे माघ वद्य पंचमी, गाठीचे तापाने." पुण्यात प्लेग आला तो हाच काळ, म्हणजे 1897 चा फेब्रुवारी. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत 79 मिळवावे लागतात. आमच्या घरात हे शाळकरी मुलांनाही ठाऊक होतं. आपल्या प्रोग्रॅमने मात्र "शके" हा शब्द गाळला, तिथी गाळली आणि पणजीचा मृत्यू इसवी सन 1818 मध्ये नोंदवला. माझ्या आजोबांचा जन्म 1893 चा. मग "आईच्या मृत्यूनंतर 75 वर्षांनी जन्म" असा इशारा दाखवून, मला काहीही न विचारता, आपल्या 'आपोआप दुरुस्ती'ने आजोबांना त्यांच्या आईपासून तोडलं.

हे मला घरी कळलंसुद्धा नाही. मी मोठा कागद छापून माझ्या 91 वर्षांच्या आत्याला दाखवायला नेला. ती भिंग घेऊन ओळी लावत होती. वडिलांच्या नावापाशी बोट थांबलं. वरची चौकट रिकामी होती. म्हणाली, "बाबा चार वर्षांचे नव्हते गं, तेव्हा आई गेली. चेहरासुद्धा आठवत नव्हता त्यांना. कागदावर तरी ठेवायची होतीस." त्यावर मी काय बोलणार होते?

दुसरी गोष्ट याहून वाईट. आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, आणि मधलं नाव वडिलांचं असतं. त्यामुळे विष्णू महादेव, त्यांचा मुलगा महादेव विष्णू आणि त्याचा मुलगा पुन्हा विष्णू महादेव, असं पूर्ण नाव एक पिढी सोडून जसंच्या तसं येतं. मराठी घरांत हे सर्रास घडतं. आपल्या प्रोग्रॅमने माझे आजोबा आणि माझा सख्खा भाऊ 'एकच व्यक्ती' ठरवून जोडून टाकले. भाऊ नागपूरला हयात आहे, त्याच्या नावापुढे मृत्यू 1958 अशी नोंद आली. माझी वहिनी आजोबांची पत्नी म्हणून दिसू लागली. हा कागद मी तिच्यासमोर ठेवू शकत नाही. जोडणी उलटवायची सोय शोधली, ती नाही.

पणजीचं माहेरचं नाव यमुना, लग्नात ठेवलेलं लक्ष्मी. दोन्ही भरले तर दुसऱ्याने पहिलं पुसलं. चुलत पणजोबा दत्तक गेले, तर त्यांना एकच आई-बाप ठेवायची सक्ती.

आपल्या तंत्रज्ञाने मला फोनवर सांगितलं की "हे आंतरराष्ट्रीय मानकामुळे आहे." ते खरं नाही. वंशावळीच्या फायलींचं जेडकॉम हे मानक मी वाचलं आहे. त्याच्या 1999 च्या 5.5.1 आवृत्तीतही एका माणसाची अनेक नावं, माहेरचं नि लग्नानंतरचं असा प्रकार लिहून, ठेवता येतात. दत्तक आणि जन्मदाते अशी दोन्ही कुटुंबं जोडता येतात. तारखेसोबत मूळ शब्द जसेच्या तसे लिहायलाही जागा आहे. यूटीएफ-8, म्हणजे देवनागरीसह सगळ्या लिपींतली अक्षरं साठवण्याची पद्धत, तेव्हापासून चालतं, आणि 2021 च्या 7.0 आवृत्तीत तर तेच बंधनकारक आहे. तरीही आपली फाईल मी बाहेर काढली तेव्हा 412 पैकी एकही देवनागरी नाव शिल्लक नव्हतं, सगळीकडे प्रश्नचिन्हं. म्हणजे मी सोडूनही जाऊ शकत नाही.

माझ्या मागण्या या आहेत. माझ्या खात्याची आपोआप जोडणी सुरू होण्याआधीची प्रत, म्हणजे मागच्या 10 मार्चपूर्वीची, परत आणून द्यावी. ती तुमच्याकडे आहे, हे तुमच्याच माणसाने कबूल केलं आहे. सर्व नोंदी, टिपा आणि चोपडीच्या पानांची छायाचित्रं देवनागरी शाबूत राहील अशा फाईलमध्ये द्यावीत. दोन्ही वर्षांचे मिळून 8,400 रुपये परत करावेत. आणि शके-तिथीची सोय होईपर्यंत जाहिरातीतून "संपूर्ण मराठी" हे शब्द काढावेत, कारण माझ्यासारखी आणखी कितीतरी माणसं म्हाताऱ्या नातेवाइकांकडून घाईघाईने नावं उतरवून घेत असतील. आत्याला विचारायचं अजून बरंच राहिलं आहे आणि तिच्याकडे वेळ थोडा आहे.

पैशांपेक्षा मला पहिल्या दोन मागण्या महत्त्वाच्या आहेत. नोंदी परत मिळेपर्यंत माझं खाते वर्गणी संपली म्हणून बंद करू नये.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली,
एक वर्गणीदार
(नाव, पत्ता व ग्राहक क्रमांक सोबतच्या पावतीवर)

सोबत: दोन्ही वर्गणीच्या पावत्या, विक्री प्रतिनिधीचा ईमेल, चोपडीच्या पानाचं छायाचित्र व मोडी वाचनाची प्रत, चुकीच्या वंशावळीची छापील प्रत