पुळणीवरच्या वाळूच्या टेकड्यांसाठी हात हवेत

सर्व ग्रामस्थ, मुंबईकर मंडळी आणि कासवे पाहायला येणारे पाहुणे यांस सप्रेम नमस्कार.

पुळणीवरची, वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल आपोआप आलेली नाही. 2020 च्या निसर्ग वादळात सुरूची झाडे आडवी झाली, तेव्हा खालच्या वाडीतल्या बचत गटाच्या ताईंनी वेलीचे भारे डोक्यावरून आणले. कोळीवाड्याने जुने दोर दिले. शाळेच्या मुलांनी सुरूचा पाला ओढून काढला, कारण त्या थराखाली दुसरे काही रुजत नाही. पहिल्या वर्षीचा सगळा बांबू मुंबई मंडळाचा. हे ऋण समिती विसरणार नाही. पण त्याच वेलीवरून सुट्टीत मोटारसायकली जातात आणि कोणी हटकत नाही, हेही लिहावे लागते. मागच्या आवाहनाला मोजकीच माणसे आली. असो.

यंदाचे काम टेकड्यांतल्या मधल्या खिंडाराचे. सगळे तिथूनच सरळ समुद्राकडे उतरतात, वेल तुटते आणि वारा मोकळी वाळू माडांच्या वाडीत नेऊन टाकतो. म्हणून पायवाट तिरकी काढून खिंडारावर 60 मीटर झावळ्यांचे कुंपण घालायचे आहे. ते वेलीच्या हद्दीच्या आत, जमिनीकडेच हवे, नाहीतर अंडी घालायला येणाऱ्या कासवाची वाट अडेल. दर दीड मीटरला सात फुटी बांबू, पैकी तीन फूट वाळूत. झावळ्या विरळ बांधाव्यात, निम्मी फट राहिली पाहिजे. गच्च कुंपणाच्या पायथ्याची वाळू वाराच उकरतो आणि खांब पडतात.

कुंपणामागे पाच ओळी, मीटरभर अंतरावर. समुद्राकडच्या दोन रावणाच्या मिशा या वाळूतल्या गवताच्या, बाकी मर्यादवेलीच्या. कांडी हातभर लांब, तीन-चार पेरांची, दोन तृतीयांश ओल्या वाळूत पुरलेली. नुसती वर ठेवलेली कांडी दोन उन्हांत वाळते. उरलेली सुरूची झाडे एकदम तोडा म्हणणाऱ्यांना विनंती, आधी मागची उंडी आणि करंजाची रोपे खांद्याएवढी होऊ द्या. आडोसा गेला की नवे खिंडार पडते.

हवे: बांबू 45 (मोडतोड धरून), झावळ्या मिळतील तितक्या, सुंभ, कांड्या 300. दिवस: वाळू वीतभर ओली झाल्यावरचा पहिला रविवार, सकाळी 7, देवळापाशी, उधाण असल्यास पुढचा. कोयता, घमेले, पाणी आपले आणावे. गाड्या देवळाजवळच. पाहुण्यांनी दोराबाहेर पाऊल टाकू नये, रात्री टॉर्च लावू नये. देणगी खजिनदारांकडे, पावती घ्यावीच.

— सचिव