काडतुसं गोठ्याशेजारी नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागात शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची बाराबोअर बंदूक बऱ्याच घरांत आहे. बंदुकीला तेलपाणी होतं, काडतुसांकडे मात्र कोणी बघत नाही. वर्षाला चार-सहा उडतात, बाकीची पडून राहतात.

वडिलांची काडतुसं मांगरातल्या, म्हणजे शेतावरच्या खोपटातल्या, फळीवर असत. डोक्यावर पत्रा, शेजारी गोठा, खाली युरियाचं फुटकं पोतं. एका भातकापणीला डुकरं आली म्हणून त्यांनी ती काढली. कागदी काडतुसं फुगून बंदुकीत अर्ध्यावर अडकत होती. पितळी बुडांवर हिरवा थर, एका बुडाला केसाएवढी उभी चीर. त्यातल्या त्यात बरं दिसलं ते त्यांनी भरलं. घोडा पडला, टक् झालं, बार नाही. ते बंदूक खांद्यावरून उतरवायला लागले आणि तेवढ्यात बार झाला. छर्रे माडाच्या खोडात घुसले. मी त्या माडापासून चार हातांवर उभा होतो.

बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट थांबायचं, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.

त्या चिरेचं कारण मी पुढे शोधून वाचलं. इंग्रजी अमलात हिंदुस्थानातल्या छावण्यांत घोड्यांच्या पागांजवळ साठवलेली काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकत. १९२१ साली त्याचा नीट उलगडा झाला: जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ घडवताना त्यात राहिलेला ताण. शंभर वर्षं उलटली तरी आमच्या मांगरात तिन्ही गोष्टी तशाच हजर!

उष्णतेचं नुकसान तर डोळ्यांना दिसतही नाही. काडतुसातली दारू म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज. ते आपोआप सावकाश विघटत असतं, म्हणून कारखान्यात त्यात स्थिरक मिसळतात. तापमान दहा अंशांनी चढलं की हे विघटन निदान दुपटीने वाढतं आणि स्थिरक लवकर संपतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या फळीला हात लावून बघा, म्हणजे कळेल. गाडीच्या डिकीतही तेच.

आता मी काडतुसं राहत्या घरातल्या सर्वांत थंड खोलीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात कुलपात ठेवतो. बंदूक वेगळ्या कुलपात. रबरी कडेचा घट्ट डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. डबा थंडीतल्या कोरड्या दिवशी बंद करायचा, पावसाळ्यात केला तर ओल आतच कोंडते. खोक्यावर खरेदीचा महिना लिहितो, जुनी आधी वापरतो. काडतुसाला तेल लावत नाही, ते बुडाच्या टोपीत (घोड्याच्या ठोक्याने पेटून दारूला आग लावते ती) झिरपून तिला निकामी करू शकतं.

खराब काडतुसं परत करताना मात्र मला तीन खेपा पडल्या. ठाण्यातून दुकानदाराकडे पाठवलं, दुकानदाराने पुन्हा ठाण्यात. अशाने माणूस कंटाळतो आणि ती खाडीत फेकतो किंवा बांधावर पुरतो. पुरलेल्या ठिकाणी उद्या कोणाचा तरी नांगर फिरणार आहे. दर पाच वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण होतं, तेव्हा साठवणुकीबद्दल मराठीत एक पानभर सूचना हातात द्याव्यात. निवडणुकीच्या वेळी आमच्या बंदुका जमा करून घेतात, त्याच टेबलावर खराब काडतुसंही मोजून, पावती देऊन घ्यावीत.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग