‘एफ’ अक्षराची किंमत साडेसहा हजार?

संपादक महोदय,

सांगलीत माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पत्रिका वगैरे जुळवून देण्याचं, छोटं दुकान आहे. ऐन लग्नसराईत जुना संगणक रडायला लागला म्हणून मदरबोर्ड, रॅम आणि ‘आय-५ १२४००एफ’ प्रोसेसर नवीन बसवून घेतला. स्क्रीनला चित्र पुरवणारं जुनं ग्राफिक्स कार्ड तसंच ठेवलं. दुकानात आणून बटण दाबलं. पंखे गरागरा फिरले, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळा ठिक्कर. वर ‘नो सिग्नल’.

विक्रेत्याला फोन केला तर न बघताच निकाल : "बोर्ड उडालाय, साडेसहा हजार लागतील." पत्रिकांची चार गिऱ्हाईकं बाकड्यावर बसलेली! रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसल्या, ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबून ती परत बसवली. काही नाही. शेवटी टॉर्च घेऊन डब्याच्या मागं वाकलो. स्क्रीनची एचडीएमआय वायर वरच्या, मदरबोर्डच्या खोबणीत होती. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाला ‘एफ’ असतो, त्याला स्वतःचं ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवायची सोय, नसते. त्यामुळं त्या खोबणीतून चित्र येणारच नाही. वायर खाली, कार्डाच्या आडव्या खोबणीत घातली आणि स्क्रीन उजळला. खर्च शून्य. (कमरेला लावलेला बाम सोडून.)

‘एफ’ प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून सर्रास दिला जातो. द्या की! पण बिलावर ‘वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल, वायर त्यालाच जोडा’ एवढी एक ओळ लिहायला काय जातं?

– एक डीटीपी व्यावसायिक, सांगली