पण पेटवला कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भुताच्या दिव्यांवर, म्हणजे रात्री दलदलीवर किंवा माळावर तरंगताना दिसणाऱ्या गूढ उजेडांवर, आलेला लेख वाचला. निरनिराळ्या देशांतल्या दंतकथा त्यात छान गोळा केल्या होत्या. पण शेवटी ‘दलदलीतला मिथेन पेटतो, बाकी सगळी अंधश्रद्धा’ असे म्हणून विषय एका वाक्यात आटोपला, तेव्हा राहवले नाही. मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे हेच वाक्य वर्गात म्हणत आले. ते अपुरे आहे, हे मला माझ्या वडिलांमुळे कळले.

अण्णा बंधाऱ्यावर रात्रीची गस्त घालायचे. पावसाळा सरत आलेला असताना एका रात्री, पाणी ओसरून गाळ उघडा पडलेल्या काठावर, त्यांना निळसर उजेड दिसला. ओंजळीएवढा, जमिनीपासून गुडघाभर उंच. ते दोन पावले पुढे गेले की तो तेवढाच मागे सरायचा. काही मिनिटांनी तो दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कामावर सांगितले, तर वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारले, “काल किती घेतली होती?” अण्णांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. मी कॉलेजात रसायनशास्त्र घेतले तेव्हा मला सांगितली. मी तत्काळ म्हणाले, “अण्णा, तो मिथेन. गाळात पालापाचोळा कुजतो, त्यातून निघतो.” ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “असेल. पण पेटवला कोणी?”

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

मिथेन आपणहून पेट घेत नाही. त्याला पाचशे अंश सेल्सियसच्याही वर तापमान लागते, नाहीतर ठिणगी. शिवाय हवेत त्याचे प्रमाण साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच तो जळतो. काळोखात, भिजल्या गाळावर, माणसाचा वावर नसताना ठिणगी आली कुठून? इटलीच्या मॅजोरे सरोवराच्या काठचा गाळ ढवळून 1776 मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टा या शास्त्रज्ञाने हा वायू गोळा केला, आणि हवेतल्या विजेने तो पेटत असावा असा तर्क त्यानेच मांडला. पुढे पाठ्यपुस्तकांनी दुसरे उत्तर उचलले : कुजण्यातून फॉस्फीन हा फॉस्फरसचा वायू निघतो, त्याच्यासोबत त्याचाच भाऊबंद डायफॉस्फीन असतो, आणि डायफॉस्फीन हवा लागताच आपोआप पेटतो. प्रयोगशाळेत हे खरे आहे. पण फॉस्फीन जळताना पांढरा धूर होतो आणि त्याला लसणासारखा, सडक्या मासळीसारखा उग्र वास असतो. अण्णा गेल्यावर त्यांची गस्तीची वही माझ्या हाती आली. त्या रात्रीच्या पानावर लिहिले आहे : “वारा नाही. धूर नाही. वास नेहमीचा चिखलाचा. जवळ गेलो तरी ऊब लागली नाही.” एवढे बारकाईने पाहणाऱ्या माणसाला आपण अंधश्रद्ध म्हणणार असू, तर निरीक्षण म्हणजे काय हे आपणच आधी शिकले पाहिजे.

‘दिवा मागे सरतो’ हा अनुभव तर जगभर सांगितला जातो, आणि त्यावरूनच ‘वाट चुकवणारा’ अशी या दिव्याची ख्याती झाली. आपल्याकडे त्याला आग्यावेताळ म्हणतात, बंगालमध्ये आलेया, कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात चिर बत्ती. लॅटिन नावाचा अर्थ ‘मूर्ख अग्नी’ असा होतो. बंगाली मच्छीमारांच्या समजुतीत तो बुडून मेलेल्या सोबत्यांचा आत्मा, जपानी हितोदामा म्हणजेही माणसाचा आत्माच, आणि फिनलंडमध्ये मात्र त्याखाली पुरलेले धन असते. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती पूर्व इंग्लंडच्या पाणथळ भागातली ‘कंदीलवाल्या’ची कथा. तिथले जुने लोक सांगत की हा दिवा दिसला तर शिट्टी वाजवू नका, तो अंगावर येईल. पालथे पडा, श्वास रोखून धरा, तो निघून जाईल.

आता याच्या शेजारी ब्लेसन या जर्मन लष्करी अधिकाऱ्याचे निरीक्षण ठेवा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने एका दलदलीत या ज्योतींचा रात्रीमागून रात्री पाठलाग केला. जवळ गेले की ज्योत मागे हटते, कारण आपल्या चालण्याने आणि श्वासाने हवा ढकलली जाते, हे त्याने ओळखले. मग तो तोंड फिरवून, हवा न हलवता सावकाश पुढे सरकला, आणि कागदाची पट्टी ज्योतीत धरून पेटवून दाखवली. एका बाजूला लोककथा ‘श्वास रोखा’ म्हणते, दुसऱ्या बाजूला प्रयोग करणाराही तेच करतो. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. कथेतला कंदीलवाला खोटा असेल, पण हवा हलली की दिवा हलतो हे कोणीतरी कधीतरी नीट पाहिले होते आणि ते विसरले जाऊ नये म्हणून भीतीच्या पुडीत बांधून ठेवले होते.

मात्र ब्लेसनच्या ज्योतीने कागद पेटला आणि अण्णांच्या उजेडाला ऊबही नव्हती. म्हणजे हे दोन दिवे एकच होते असेही मी म्हणणार नाही. सगळ्या दिव्यांना एकच कारण चिकटवायची घाई, हीच माझी तक्रार आहे.

कारण पुष्कळ ठिकाणी मुळात दलदलच नाही. अमेरिकेतल्या ब्राउन माउंटनवरचे दिवे पाहायला 1922 मध्ये सरकारी भूशास्त्र खात्याने मॅन्सफील्ड यांना पाठवले. त्यांनी नकाशा मांडून, दुर्बिणीच्या उपकरणाने एकेका दिव्याची दिशा मोजली. उपकरणाने तपासलेल्या दिव्यांपैकी 47 टक्के मोटारींचे, 33 टक्के रेल्वे इंजिनांचे, 10 टक्के एका जागी असलेले दिवे आणि 10 टक्के झुडपांना लागलेल्या आगी निघाल्या. टेक्सासमधल्या मार्फाचे दिवे 2004 मध्ये आणि मिशिगनमधल्या पॉल्डिंगचा दिवा 2010 मध्ये विद्यार्थ्यांनीच उलगडला. दोन्हीकडे दूरच्या महामार्गावरच्या गाड्यांचे दिवे होते. ऑस्ट्रेलियातला मिन मिन दिवा माणसाचा पाठलाग करतो म्हणतात. जॅक पेटिग्रू या शास्त्रज्ञाने 2003 मध्ये दाखवले की जमिनीलगत थंड हवेचा थर साचला की प्रकाश वाकत वाकत क्षितिजापलीकडून येतो आणि दूरचा दिवा समोर तरंगताना दिसतो. आपण चाललो की तोही चालतो, कारण तो फार लांब असतो.

आपले डोळेही यात सामील आहेत. गडद अंधारात एकटाच ठिपका बराच वेळ पाहत राहिले की तो हलू लागतो. त्याच्या आजूबाजूला टेकायला काही नसते, म्हणून नजर भरकटते. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टसारख्या कसलेल्या निरीक्षकालाही 1799 मध्ये तारे डुलताना दिसले होते आणि ते खरेच डुलतात असे वाटले होते. मग एखाद्या रखवालदाराला किंवा कोळ्याला दिवा चालताना दिसला, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

आणि काही दिवे अजून सुटलेले नाहीत. नॉर्वेच्या हेस्डालेन खोऱ्यात 1981 च्या अखेरीपासून दोन-तीन वर्षे इतके दिवे दिसले की तिथे पुढे, 1998 मध्ये, स्वयंचलित निरीक्षण केंद्र उभारले गेले. त्यातही काही दिवे मोटारींचे निघाले, पण सगळे नाहीत. भूकंपाच्या वेळी दिसणारा उजेडही लोक सांगत होतेच. जपानमधल्या मात्सुशिरो इथे 1965 नंतरच्या भूकंपमालिकेत त्याची छायाचित्रे निघाली, तेव्हा कुठे तो गंभीरपणे घेतला गेला.

‘पेटवला कोणी’ या प्रश्नाकडे परत येते. 2025 मध्ये स्टॅनफर्डच्या रिचर्ड झेअर यांच्या गटाने पाण्यात मिथेन आणि हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडले आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने त्यांच्यावर नजर ठेवली. वर येणाऱ्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर विरुद्ध विद्युतभार साठतात आणि ते जवळ आले की त्यांच्यात इवलीशी वीज चमकते. तिच्यामुळे काडी न ओढता मिथेनचे ऑक्सिडीकरण, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, सुरू होते, फिकट उजेड पडतो आणि त्याला ज्वाळेचा दाह नसतो. व्होल्टांनी ठिणगी आकाशात शोधली, ती पाण्यातल्या बुडबुड्यांतही असू शकते. प्रयोगशाळेतली ही चमक क्षणाच्याही लहानशा अंशात विझते. अण्णांनी पाहिलेला ओंजळभर, मिनिटे टिकणारा उजेड त्यातून कसा घडेल, हे अजून कोणीतरी दाखवायचे आहे. तरीही ‘धूर नाही, ऊब नाही’ ही नोंद जिथे बसू शकेल असे उत्तर मला पहिल्यांदाच दिसले. ते आले तेव्हा अण्णांना जाऊन बरीच वर्षे झाली होती.

माझी एक विनंती आहे. या विषयावर वाचकांचे अनुभव पुन्हा मागवाल तेव्हा ‘भुतावर विश्वास आहे का’ हे विचारू नका. तारीख, वेळ, वारा, रंग, वास, ऊब, जमिनीपासूनची उंची विचारा. ज्या दिशेला दिवा दिसला तिकडे रस्ता किंवा रेल्वे आहे का, एवढे विचारा. आणि जे सांगतील त्यांचे सांगणे जसेच्या तसे छापा.

सोबत अण्णांच्या वहीतल्या त्या पानाची छायाप्रत जोडली आहे.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका